झिंगाट तुम्ही कुठे, कशावर, कुणाकडून ऐकलंय?

दुपारचा_चहा
दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन बाहेर बसवलं होतं. तिथे ते नेहमीचं गुळगुळीत बासरीचं संगीत चालू, मागे पाण्याची खळखळ. मासिक चाळता चाळता माझा पाय ठेका धरायला लागला. जरा वेळाने ट्यूब पेटली, अहो हे तर झिंगाट! इतकं संथ की शेजारचे आजोबा डोळे मिटून मान डोलवत होते. मला म्हणाले, "भूप दिसतोय." मी मान हलवली. अर्धं तोंड बधिर, वाद कोण घालणार.

आणि एकदम २०१६ चा मे आठवला. सैराट २९ एप्रिलला लागला आणि लगेच मावसभावाचं लग्न, बार्शीजवळ. वरातीला बँड. पोरांचा एकच धोशा, झिंगाट वाजवा. बँडवाले म्हणाले अजून बसवलं नाही. क्लॅरनेटवाले काका साठीच्या पुढचे, लाल कोटाला निम्मी बटणं. त्यांनी भाच्याचा मोबाईल मागून घेतला, जनरेटरच्या गाडीमागे गेले, मोबाईल मान वाकडी करून खांद्यात दाबला आणि क्लॅरनेटवर नुसती बोटं फिरवत राहिले. फुंक नाही. मी हळदीचं ताट घेऊन तिथेच उभी बघत. परत येऊन ट्रंपेटवाल्याला तोंडाने "पॅ पॅ पॅप्प" करून दाखवलं आणि सुरू! मुखडा तंतोतंत. अंतरा काही बसला नव्हता, म्हणून मुखडा, मग नागीण, मग परत मुखडा, असं पार मारुतीच्या देवळापर्यंत. कुणाला काही खटकलं नाही. त्या लग्नातलं जेवण आठवत नाही, पण मला अजून मूळ गाणं ऐकताना मुखड्यानंतर नागीणच येणार असं वाटतं.

तर सांगा. मूळ गाणं नको, ते सगळ्यांनी ऐकलंय. बँड, बँजो, भजन, सनई, काय काय ऐकलंत?

सोलापुरी_चादर
आमच्या जिल्ह्याचं गाणं आहे हे, आधी मान द्या :)
करमाळ्याकडे शूटिंग झालं तेव्हा आमची निम्मी भावकी तिकडे जाऊन उभी होती, पडद्यावर कोणी दिसलं नाही ते सोडा. थेटरात पडद्यापुढच्या जागेत चपलांचा ढीग आणि अनवाणी नाच. गाणं संपलं तरी कोणी बसेना, मग ऑपरेटरने परत लावलं तेव्हा कुठे पिक्चर पुढे सरकला. शेवट झाल्यावर तीच पोरं चपला शोधत होती, एक शब्द बोलत नव्हती.
करमाळ्याला गेलात तर कमलाभवानीच्या देवळातली ९६ पायऱ्यांची विहीर बघा. विषयाशी संबंध नाही पण बघा.

चिकूमिल्कशेक
मुखडा-नागीण-मुखडा 😂😂 हसून हसून पुरेवाट. बँडवाल्याला काही सुचेना की नागीण.

कार्यालयाशेजारी
मी मंगल कार्यालयाला लागून राहते. आता घड्याळाची गरज नाही. सकाळी सनईवर झिंगाट (सीडी असते, सनईवाला नसतो) म्हणजे नाश्त्याला उपमा वाढायला घेतला. बँडवर झिंगाट म्हणजे नवरदेव घोड्यावर, मुहूर्त टळलेला. कीबोर्डवर हळू झिंगाट म्हणजे पंगती बसल्या. संध्याकाळी डीजेवर म्हणजे आमच्या खिडक्यांची तावदानं हलणार. दहाला बंद व्हायला पाहिजे, नियम आहे. दहाला बंद होतं का? विचारू नका.
सर्वात वाईट सनईवरचं. ते लावणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय.

बंडूची_आई
आमच्याकडे अंगाई आहे. हसू नका. बंडू तान्हा असताना रात्र रात्र रडायचा. सासूबाई निंबोणीचं झाड, आई रामरक्षा, सगळं झालं. एका रात्री नवरा वैतागून त्याला खांद्यावर टाकून झिंगाट पुटपुटायला लागला, एकदम हळू, एकेक शब्द ओढून. बंडू गप्प. मग तेच रोज. वाढवायचं नाही, नाहीतर डोळे टक्क उघडायचा.
आता मोठ्या शिशूत आहे. गॅदरिंगला वर्गाने झिंगाटच बसवलं. सगळी पोरं उड्या मारतायत आणि हा मधोमध उभा राहून जांभया देतोय. बाईंनी फोन करून विचारलं, रात्री झोपत नाही का हो नीट.

चिकूमिल्कशेक
@बंडूची_आई मेले मी. ऑफिसात आहे, सगळे बघतायत.

युफोनियम
माझे मामा बँडमध्ये होते (नाव त्यावरूनच घेतलंय). त्यांचं म्हणणं, काही गाणी बँडसाठीच जन्मतात. ज्या गाण्यात गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही ते क्लॅरनेटवाल्यालाही जड जातं, कारण फुंकणाराही माणूसच. झिंगाटच्या अंतऱ्यात शब्द नुसते दाटीवाटीने. म्हणून दोन क्लॅरनेट लागतात, एक दमला की दुसरा उचलतो, ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. एकच क्लॅरनेट असलं की मग नागीण. त्या काकांना अंतरा आठवत नव्हता असं नाही हो, दम राखत असतील!

आणि "झिंग झिंग" येतं तिथे मामांच्या बँडमध्ये सगळी पितळी वाद्यं गप्प व्हायची. नुसता मोठा ढोल आणि साइड ड्रम. ते पोरांनी तोंडाने म्हणायचं. तेवढ्यात ट्रंपेटवाले ओठ पुसून घेणार, पाणी पिणार, कोणी नोट ओवाळली असेल तर ती खिशात. त्या उन्हाळ्यात एका वरातीत ते किती वेळा वाजवायचे याचा हिशोब नाही. मामा घरी आले की टीव्हीवर लागलं तरी उठून जायचे.
आता बँड बंद. सुपारी डीजेला जाते. कोट ट्रंकेत आहे.

दुपारचा_चहा
@युफोनियम दम राखत असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. साठीच्या पुढचे होते, शक्य आहे. मामांना नमस्कार सांगा.

मालवणी_मसालो
आमच्या गावात जत्रेक डबलबारी होती, दोन बुवांचो भजनाचो सामनो. समोरच्या बुवान गजर घेतल्यान तो थेट झिंगाटच्या चालीर, शब्द विठ्ठलाचे. पखवाजवालो आधी गडबडलो, मगे असो काय सुटलो की पुढे बसलेली म्हातारी माणसापण मांडयेर थाप मारूक लागली. आता उत्तर देवचा आमच्या बुवाक. तेणी पेटी बंद केल्यान, घोटभर पाणी प्यालो आणि म्हणालो, "बुवा, चाल बरी आसा, पण देवाक घाम येयत." सगळो मांडव हसान हसान आडवो. बारी आमचीच.

अनुष्टुभ
विनोद ठीक आहे, पण देवाच्या नावाला असल्या चाली लावणं मला पटत नाही. चालीबरोबर तिचा वासही येतो.

सूरपेटी
@अनुष्टुभ मग संगीत नाटकंही सोडावी लागतील. आजोबांकडे जुन्या नाटकांची पुस्तकं होती, प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात "चाल:" आणि पुढे मूळ गाणं. कुठे लावणी, कुठे कानडी पद, कुठे पारशी नाटकातलं. १८८० च्या शाकुंतलापासून ही रीत. ज्या पदांना आपण आज डोळे मिटून दाद देतो त्यातल्या कित्येकांच्या चाली मुळात कुठल्या तरी बैठकीतून, तमाशातून आलेल्या. शंभर वर्षांत वास उडून गेला, सूर राहिले.

आता मुद्द्यावर. मी पेटी शिकवते. २०१६-१७ ला नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी "झिंगाट येतं का तुम्हाला?" येतं म्हटलं की माझ्याबद्दलचा आदर एकदम वाढायचा. मी सौदा केला, सा-रे-ग, रे-ग-म असे अलंकार दुगुणीत बिनचूक आले की मुखडा शिकवणार. तुम्हाला सांगते, इतके स्वच्छ अलंकार त्याआधीच्या आणि नंतरच्या कुठल्याही तुकडीने वाजवले नाहीत.
त्या सिनेमाच्या गाण्यांसाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, याचं तेव्हा सगळ्यांना कौतुक. आणि गावोगाव वाजलं कोणतं, तर ज्याला पितळेचं एक वाद्य आणि एक ढोल पुरतो ते.

अनुष्टुभ
शाकुंतलाशी झिंगाटची तुलना. धन्य.

सूरपेटी
चालीची केली, नाटकाची नाही. वाचा परत.

घुमकं
सांगलीकडनं. हलगीवर ऐकलंय का कुणी? हलगीला सूर न्हाई, नुसता ठोका. तरी बी पहिल्या चार ठोक्यात अख्खी गल्ली ओळखते, हे डोक्यात घ्या. हलगी, घुमकं, कैताळ, तीनच माणसं. शब्द लोकांच्या डोक्यात असत्यात, वाजवणाऱ्यानं फक्त जागा सोडायची.
आमच्या शाळेत सरांनी लेझीमला बसवलं हुतं. पन्नास पोरं एकदम खाली वाकून "झिंग"ला लेझीम जमिनीजवळ वाजवायची. पाहुणे म्हणून शिक्षणाधिकारी आलेले, ते खुर्चीत बसून टाचा आपटत हुते. नंतर भाषणात म्हणाले पारंपरिक खेळ जपले पाहिजेत.

टिपरू
पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवतो. आमच्याकडे फिल्मी काही वाजवायचं नाही, कडक नियम. ठरलेले हात (ठेके) वाजवायचे, बस. नदीपात्रात सराव संपला, ढोल उतरवले, दोऱ्या सैल करायला घेतल्या की एक ताशावाला हळूच तो ठेका धरायचा. बाकीचे पाठ करून उभे, पण टिपरू हातात फिरायला लागायचं. प्रमुख लांबून ओरडायचे, "कोण आहे रे तो?" कुणीच नसायचं.
विसर्जनाला मात्र नाही म्हणजे नाही. आणि ते बरोबरच आहे. मिरवणुकीत पुढच्या मंडळाच्या स्पीकरवर तेच चालू असतं, आपण पण तेच करायचं तर कंबरेला ढोल कशाला बांधायचा.

नागपुरी_संत्रं
काहून बे टिपरू, इतकं मन मारून जगता तुमी पुण्यात?

टिपरू
@नागपुरी_संत्रं आमची संस्कृती आहे ती :)

कृष्णाकाठ_बेळगाव
बेळगावात हे गाणं दोन भाषांत आहे, ठाऊक आहे का? सैराटचा कन्नड रिमेक आला २०१७ ला, मनसु मल्लिगे. नायिका तीच, रिंकू राजगुरू, आणि चाली अजय-अतुलच्याच. त्यामुळे आमच्याकडच्या वरातीत बँड सूर वाजवतो, नवऱ्याकडचे मराठीत ओरडतात, नवरीकडचे कन्नडमध्ये. झिंगाटच्या जागी मात्र सगळे एकत्र. माझ्या स्वतःच्या लग्नात असंच झालं, सासरे कन्नड, बाबा मराठी. दोघंही नाचत नाहीत, पण दोघंही आपापल्या भाषेत पुटपुटत होते हे व्हिडिओत दिसतं.

मिसळपाव_नको_भेळ
हिंदीचं कोणी काढलं नाही अजून? धडक, २०१८. माझी मुलगी दिल्लीत वाढली, तिने आधी हिंदी ऐकलं. सुट्टीत सांगोल्याला आली, लग्नात बँडने वाजवलं तर मला म्हणते, "मम्मा, इन लोगों ने हिंदी गाना कॉपी किया." आजीने ऐकलं. त्या रात्री आजीने तिला अख्खा सैराट दाखवला, मोबाईलवर, पांघरुणात. शेवटी दोघी रडत बसलेल्या. मी म्हटलं आई, एवढ्या लहान पोरीला कशाला दाखवलास शेवट. तर म्हणे, "गाणं कुणाचं ते कळायला नको?"

चिकूमिल्कशेक
आजी रॉक्स.

सूरपेटी
अजय-अतुलनी स्वतःच स्वतःची गाणी हिंदीत नेलीत, कॉपी कसली. कोंबडी पळालीचं २०१२ च्या अग्निपथमध्ये चिकनी चमेली झालंच की. हिंदी झिंगाटचे शब्द अमिताभ भट्टाचार्यचे, वाईट नाहीत. पण मूळ गाण्यात मुलगा जसा लाजत-लाजत माज करतो, ते हिंदीत नुसता माज होऊन बसतं. हे माझं मत.

वकिलीण_बाई
फोनवरून, कोर्टाच्या आवारात, पटकन लिहिते. दोन गोष्टी लोक नेहमी विचारतात.
एक, दुसऱ्याचं गाणं परत गाऊन रेकॉर्ड बाजारात आणायचं असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी बघा. मालकाची परवानगी न घेता, नुसती नोटीस आणि ठरलेलं मानधन भरून असं रेकॉर्ड करता येतं, पण मूळ रेकॉर्डचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबून. २०१२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत दोन वर्षांची होती. पूर्वी त्या व्हर्जन कॅसेटी भरमसाट निघायच्या, आठवतं का? आणि या वाटेने गेलात तर शब्द-चाल मनाला येईल तशी बदलता येत नाही. परवानगी मिळाली तर प्रश्नच नाही.
दोन, लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभ कलम ५२ मध्ये वगळलेत. त्यासाठी परवाना लागत नाही, केंद्राच्या विभागाने जुलै २०२३ मध्ये तशी सूचनाही काढली होती. तेव्हा "नागीण"सकट वाजवा. आवाजाचे नियम वेगळे, ते कार्यालयाशेजारी ताईंना विचारा. पुकारा झाला, जाते.

कार्यालयाशेजारी
मला विचारू नका, मला ऐकू येत नाही आता.

कॅसेटवाला_काका
व्हर्जन कॅसेट!! काय आठवण काढलीत ताई. टी-सिरीजच्या, स्वस्तात मिळायच्या. आमच्या घरी रफी-लता म्हणून जे होतं ते निम्मं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. कॉलेजात गेल्यावर मित्राकडे मूळ रेकॉर्ड ऐकली आणि मीच त्याला सांगतोय, "हे खोटं आहे, खरं आमच्याकडे आहे." टेप गुंतली की पेन्सिलीने गुंडाळायची, मग ती एक जागा कायम लहरायची. त्या गाण्यात ती लहर आली नाही तर अजून चुकल्यासारखं होतं.
झिंगाटबद्दल काही नाही माझ्याकडे. मला ऐकू येतं तोवर बंद खोलीत किशोरीताई.

एडिंबरा_वहिनी
माझ्याकडे आहे, आणि यावर कुणी मात करू शकणार नाही. भाचीचं लग्न इथेच झालं, नवरा स्कॉटिश. त्यांच्याकडे पाइपर बोलवायची पद्धत, किल्ट घालून बॅगपाइप. भाची म्हणाली त्याने झिंगाट वाजवलं तरच मी हॉलमध्ये येणार. मी त्या बाबाला लिंक पाठवली. दोन दिवसांनी त्याचा फोन. अगदी सभ्यपणे अडचण सांगितली. बॅगपाइपला नऊच सूर. आणि एकदा पिशवीत हवा भरून काखेत दाबली की आवाज मध्ये थांबवताच येत नाही. सलग एकच लांब सूर. आता "झिंग झिंग झिंग" एकाच सुरावर तुटक कसं म्हणायचं? तर तिथे ते लोक दुसऱ्या सुराला बोटाची टिचकी मारतात, इतकी झटपट की तो सूर ऐकू येत नाही, फक्त मधला काप ऐकू येतो. ग्रेस नोट म्हणतात. त्याने सगळं गाणं त्या टिचक्या मारून बसवलं होतं आणि कागदावर लिहूनही काढलं होतं. जे सूर नव्हते तिथे शेजारचा घेतला.
लग्नाच्या दिवशी दगडी हॉल, बाहेर पाऊस, आणि दारातून हा माणूस झिंगाट वाजवत येतोय, मागे भाची नऊवारीत. आमच्याकडची माणसं क्षणभर गोंधळली, कारण ते ऐकायला लढाईला निघाल्यासारखं. मग जळगावच्या आत्याने ओळखलं आणि पदर खोचला. स्कॉटिश मंडळींना वाटलं हा आपला विधी आहे, तेही रांग धरून मागे नाचत आले. कुणी खुलासा केला नाही.

नागपुरी_संत्रं
वहिनी, व्हिडिओ!!! नाहीतर मी मानत नाही.

एडिंबरा_वहिनी
भाचीला विचारून टाकते. तो कागद मात्र माझ्याकडे आहे, फ्रेम करायचाय. इथे साधी फ्रेम करायला पण किती घेतात, तुम्हाला कल्पना नाही.

बंडूची_आई
ठाण्यात करून घ्या, कुणी येणार असेल तर पाठवा. माझ्याकडे ओळखीचा आहे, काचेसकट करून देतो.

वसईचो_बेटा
आमच्या वसईच्या ख्रिश्चन लग्नांत ब्रास बँड अजून टिकून आहे, युफोनियमजी, मामांना सांगा. ट्रंपेट, सॅक्सोफोन, मोठा ड्रम. चर्चमधून घरी आणताना आधी जुनी लग्नाची गाणी, मग वाटेत म्हाताऱ्या मंडळींसाठी वॉल्ट्झ, घर जवळ आलं की झिंगाट. सॅक्सोफोनवर ते जरा आळशी होतं, पण छान वाटतं, खांदे हलतात, पाय नाही हलत. माझे आजोबा म्हणायचे हे गाणं आपल्याच कुणीतरी लिहिलंय. कुणीही पटवून देऊ शकलं नाही.

पांढरा_कोट
२०२१, दुसरी लाट, कोविड सेंटरला होते. नर्स आहे. संध्याकाळी पेशंटना जरा हालचाल करायला लावायचो, पलंगाशेजारीच. पीपीई किटमध्ये आमचं बोलणं ऐकू जायचं नाही, म्हणून गाणी लावायचो. एक वॉर्डबॉय रोज झिंगाट लावायचा, पण फुल स्पीडला लोक धापा टाकायचे, ऑक्सिजन खाली यायचा. डॉक्टर ओरडले. मग त्याने मोबाईलवर वेग कमी करून लावलं. आवाज जाडा, राक्षसासारखा यायचा. पेशंट हात वर-खाली करत हसायचे. एक आजी फक्त बोटं हलवायच्या, मास्कच्या आत. त्या घरी गेल्या. सगळे नाही गेले.
आता कुठेही नॉर्मल वेगाने लागलं की मला ते पळवल्यासारखं वाटतं.

दुपारचा_चहा
@पांढरा_कोट काय बोलू. तुमच्या त्या वॉर्डबॉयला आमचा नमस्कार.

सोलापुरी_चादर
_/\_

कॅसेटवाला_काका
ताई, माझी बहीण अशाच एका सेंटरमधून सुखरूप परत आली. तुम्हा सगळ्यांचे उपकार.

घुमकं
इलेक्शनचं ऱ्हायलंच की. रिक्षावर भोंगा, झिंगाटची चाल, शब्द उमेदवाराचे. आमच्या वार्डात दोघा उमेदवारांनी तीच चाल घेतली, दोन रिक्षा चौकात समोरासमोर. कुणाचं चिन्ह कोणतं काय कळंना. तिसराच निवडून आला, त्यानं काय गाणं लावलं न्हवतं.

नागपुरी_संत्रं
😂😂 तिसऱ्याला आमचं मत.

मिसळपाव_नको_भेळ
जरा वेगळं विचारते. डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न, साताऱ्याला. डीजे नको असं दोन्ही घरी ठरलंय, खराखुरा बँड हवा, क्लॅरनेटवाला असलेला. आता बहुतेक ठिकाणी नुसता कीबोर्ड, पॅड आणि ट्रॉलीवर स्पीकर असतो आणि त्यालाच बँड म्हणतात. कुणाला माहिती आहे का?

युफोनियम
@मिसळपाव_नको_भेळ खाजगी निरोप पाठवतो. सुपारी देण्याआधी एवढंच विचारा, फुंकणारी माणसं किती. "मिळून पंधरा" असं सांगितलं तर समजा त्यात दिवे धरणारे पण मोजलेत. आणि दोन क्लॅरनेट असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, वर लिहिलंय तसं.

मिसळपाव_नको_भेळ
थँक्यू दादा. दिवेवाले मोजतात हे भारी. नवरीची एकच अट आहे, झिंगाट नको म्हणे, कंटाळा आलाय. तिचे वडील म्हणतात मग आम्ही नाचायचं कशावर.

टिपरू
तारीख काय आहे? तुळशीच्या लग्नानंतर चांगले बँड मिळत नाहीत, आत्ताच आगाऊ देऊन टाका.